सक्तीचे पर्याय : लिनक्समधील पॅकेज व्यवस्थापकांच्या आज्ञांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासकाला आज्ञापत्रे, कौलनामे, ताकिदी आणि दफ्तरातील शेरे वाचण्याची सवय असते. अमुक गोष्ट करू नये अशी ताकीद एखाद्या कागदात आढळली, की ती गोष्ट त्या काळी सर्रास केली जात असावी, असे अनुमान आपण काढतो. हीच दृष्टी संगणकाच्या क्षेत्रातील एका उपेक्षित साधनाला लावून पाहावी, या विचारातून प्रस्तुत निबंध सिद्ध झाला आहे. लिनक्स या कार्यकारी प्रणालीत प्रत्येक आज्ञेसोबत तिचे माहितीपृष्ठ दिलेले असते आणि त्यात त्या आज्ञेला जोडता येणारे पर्याय एकाखाली एक नोंदवलेले असतात. संगणकशास्त्राचे विद्यार्थी ही पृष्ठे गरजेपुरती चाळतात. इतिहासाचे साधन म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः आज्ञावली संगणकावर बसवणे, अद्ययावत करणे आणि काढून टाकणे हे काम करणाऱ्या साधनांच्या, म्हणजेच पॅकेज व्यवस्थापकांच्या, पर्यायांत गेल्या तीस वर्षांतील एक मोठा वाद साठून राहिला आहे. यंत्राने नकार दिल्यावर माणसाला सक्ती करण्याचा अधिकार असावा का, आणि असल्यास त्या सक्तीची जबाबदारी कोणी घ्यावी, हा तो वाद होय.

सदर निबंधात पर्यायांची मूळ रोमन अक्षरे देवनागरीत लिहिली आहेत. एका आडव्या रेघेनंतर एक अक्षर आले तर तो लघु पर्याय, उदाहरणार्थ '-आय', आणि दोन रेघांनंतर संपूर्ण शब्द आला तर तो दीर्घ पर्याय, उदाहरणार्थ '--फोर्स'. लघु पर्यायांची परंपरा युनिक्सची, तर दुहेरी रेघेची रीत जीएनयू प्रकल्पाने रूढ केलेली. सर्व व्यवस्थापकांचा परामर्श येथे घेणे शक्य नाही व आवश्यकही नाही. विवेचनाचा भर डेबियन आणि रेड हॅट या दोन घराण्यांवर आहे.

पूर्वपीठिका :

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. गाभा म्हणजे संपूर्ण प्रणाली नव्हे. त्यावर चालणारी प्रत्येक आज्ञावली मूळ संहितेच्या स्वरूपात मिळवावी लागे, ती आपल्या संगणकावर संकलित करावी लागे आणि मग तिच्या फायली निरनिराळ्या निर्देशिकांत विखरून ठेवल्या जात. कोणती फाईल कोणत्या आज्ञावलीची, याची नोंद कोठेही राहत नसे. बसवणे श्रमाचे असले तरी शक्य होते. काढून टाकणे मात्र जवळजवळ अशक्य होते, कारण काय काढायचे हेच ठाऊक नसे.

१९९२ मध्ये पीटर मॅक्डोनाल्ड यांनी सॉफ्टलँडिंग लिनक्स सिस्टीम, संक्षेपाने एसएलएस, हे वितरण तयार केले. ते लोकप्रिय झाले, तसेच त्यातील दोषांमुळे कुप्रसिद्धही झाले. या असमाधानातून १९९३ मध्ये दोन स्वतंत्र प्रयत्न उभे राहिले. पॅट्रिक व्होल्करडिंग यांचे स्लॅकवेअर जुलैमध्ये आले. १६ ऑगस्ट रोजी पर्ड्यू विद्यापीठातील विद्यार्थी इयान मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली. स्लॅकवेअरची साधने साधी होती. बसवण्यासाठी एक आज्ञा, काढण्यासाठी एक आणि श्रेणीवाढीसाठी एक. कोणत्या पॅकेजला दुसरे कोणते पॅकेज लागते याची चौकशी ती करीत नसत. येथे नोंदवण्याजोगी बाब अशी की जे साधन नकारच देत नाही, त्याला सक्तीचा पर्यायही लागत नाही. सक्तीचा इतिहास नकारापासून सुरू होतो.

डीपीकेजी आणि आरपीएम : दोन स्वभाव

डेबियनच्या डीपीकेजी या साधनाचा पहिला अवतार मरडॉक यांनी जानेवारी १९९४ मध्ये शेल-लिपीत लिहिला. नंतर मॅट वेल्श, कार्ल स्ट्रीटर आणि मरडॉक यांनी तो पर्ल भाषेत आणला आणि त्याच वर्षी इयान जॅक्सन यांनी त्याचा मुख्य भाग सी भाषेत नव्याने रचला. रेड हॅटच्या गोटात मार्क युईंग आणि एरिक ट्रोन यांनी आरपीएम घडवले व १९९५ च्या रेड हॅट लिनक्स २.० सोबत ते लोकांसमोर आले. तेही आरंभी पर्लमध्ये होते व पुढे सी भाषेत लिहिले गेले. दोन्ही साधनांनी एकच मूलभूत गोष्ट साधली. प्रत्येक फाईलची मालकी नोंदवणारे एक दफ्तर त्यांनी निर्माण केले. 'ही फाईल कोणाची?' असे विचारण्यासाठी डीपीकेजीत '-एस' आहे, तर आरपीएममध्ये '-क्यूएफ'.

दोघांचे स्वभाव मात्र प्रारंभापासून भिन्न आहेत. हा भेद कॉन्फिगरेशन फायलींच्या बाबतीत विशेष स्पष्ट होतो. समजा, संगणकाच्या देखभालकर्त्याने एखादी मांडणीची फाईल स्वतःच्या हाताने बदलली आहे आणि पॅकेजच्या नव्या आवृत्तीतही ती फाईल बदललेल्या रूपात आली आहे. अशा वेळी कोणाचे मानायचे? डीपीकेजी काम थांबवून विचारते. नवी ठेवू की जुनी, की दोहोंतील फरक दाखवू? उत्तर न देता केवळ एंटर दाबला तर माणसाची जुनी फाईल शाबूत राहते. आरपीएम विचारीत नाही. पॅकेज बांधणाऱ्याने आधीच दिलेल्या सूचनेनुसार ते एक तर जुनी फाईल 'आरपीएमसेव्ह' असे शेपूट लावून बाजूला ठेवते आणि नवी तिच्या जागी बसवते, अथवा जुनी तशीच ठेवून नवी 'आरपीएमन्यू' या शेपटासह शेजारी ठेवते. एका खोलीत बसून शंभर संगणक हाताळणाऱ्याला आरपीएमचे मौन सोयीचे वाटते. स्वतःच्या एका संगणकावर जीव लावणाऱ्याला डीपीकेजीचा प्रश्न आश्वासक वाटतो. हा निव्वळ तांत्रिक भेद नाही. वापरणारा कोण आहे, याविषयीच्या दोन कल्पनांचा तो भेद आहे.

काढून टाकण्याच्या आज्ञेतही हेच दिसते. डीपीकेजीत '-आर' म्हणजे काढणे आणि मोठ्या लिपीतील '-पी' म्हणजे समूळ काढणे, ज्याला तेथे 'पर्ज' म्हणतात. पहिल्या प्रकारात आज्ञावली जाते, पण मालकाच्या मांडणीच्या फायली मागे राहतात. तो उद्या परत येईल, असे जणू गृहीत धरले जाते. आरपीएममध्ये असे दोन स्वतंत्र पर्याय नाहीत. तेथे '-ई' म्हणजे पुसणे. मालकाने बदललेली मांडणीची फाईल असेल तर ती 'आरपीएमसेव्ह' म्हणून उरते, इतकेच.

आरपीएमच्या पर्यायांत काही मनोरंजक अवशेष आढळतात. '-आयव्हीएच' हा अक्षरसमूह आपल्याकडील अनेक विद्यार्थ्यांनी मंत्रासारखा पाठ केलेला असतो. त्यातील 'आय' म्हणजे बसव, 'व्ही' म्हणजे सविस्तर सांग आणि 'एच' म्हणजे हॅश या चिन्हाची रांग काढून प्रगती दाखव. त्या चिन्हांची संख्या माहितीपृष्ठात पन्नास अशी निश्चित केलेली आहे. शेवटची दोन अक्षरे गाळली तरी पॅकेज तितकेच बसते, हे सांगितल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो. दुसरा अवशेष पडताळणीच्या '-व्ही' या मोठ्या लिपीतील पर्यायात आहे. बसवलेल्या फायलींत नंतर कोणी फेरफार केला आहे का, हे तो तपासतो आणि फरक आढळल्यास सांकेतिक अक्षरे छापतो. त्यांपैकी '५' हा अंक मुळात एमडी-५ या गणिती ठशासाठी होता. २००९ च्या सुमारास आरपीएमने त्याऐवजी एसएचए-२५६ हा अधिक भरवशाचा ठसा स्वीकारला. तथापि '५' तसाच राहिला, कारण असंख्य लिपी त्या अंकाकडे डोळे लावून बसलेल्या होत्या. नाण्यावरील राजा बदलल्यावरही जुन्या राजाच्या नावाने नाणी पाडली जात, त्याची येथे आठवण होते.

आता सक्तीकडे वळू. आरपीएममधील '--फोर्स' या पर्यायाविषयी एक गैरसमज दृढ आहे. तो सर्व अडथळे दूर करतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात माहितीपृष्ठ सांगते की तो केवळ तीन पर्यायांची गोळाबेरीज आहे. बसलेले पॅकेज पुन्हा बसव, दुसऱ्या पॅकेजच्या फायलींवर आपल्या फायली लिही आणि नव्या आवृत्तीवर जुनी चढव, हे ते तीन. अवलंबित्वाची तपासणी तो टाळत नाही. त्यासाठी '--नोडेप्स' हा निराळा पर्याय आहे. डीपीकेजीने तर सक्तीचे याहून बारीक तुकडे केले. '--फोर्स' या शब्दापुढे कशाची सक्ती ते लिहावेच लागते. अवलंबित्वाविरुद्ध सक्ती, फाईल दुसऱ्याची असताना तिच्यावर लिहिण्याची सक्ती, रोखून ठेवलेल्या पॅकेजला हात लावण्याची सक्ती, अत्यावश्यक पॅकेज काढण्याची सक्ती, अशी ती यादी बरीच लांबते. '--फोर्स-हेल्प' म्हटले की ती संपूर्ण छापली जाते. त्यात ज्या सक्तीने प्रणालीचे गंभीर नुकसान होऊ शकते, तिच्यापुढे कंसात उद्गारचिन्ह असते. 'सगळेच' असाही एक पर्याय आहे. परंतु सक्तीला नाव द्यावे लागते, हा संकेत १९९० च्या दशकाच्या मध्यातच येथे प्रस्थापित झाला होता. पुढील विवेचनात या मुद्द्याला महत्त्व आहे.

अवलंबित्वाचा पेच :

नकाराचे सर्वांत मोठे कारण अवलंबित्व हे होय. एखाद्या आज्ञावलीला अमुक ग्रंथालय, त्या ग्रंथालयाला आणखी तमुक, अशी साखळी असते. ही साखळी किती घट्ट असते, याचा अनुभव १९९७-९८ मध्ये सी भाषेच्या मूळ ग्रंथालयाच्या स्थित्यंतराने आला. जुन्या पाचव्या पिढीतून जीएनयूच्या सहाव्या पिढीत जाताना प्रणालीतील जवळजवळ प्रत्येक आज्ञावली नव्याने बांधावी लागली. रेड हॅटने डिसेंबर १९९७ च्या ५.० आवृत्तीत आणि डेबियनने जुलै १९९८ च्या २.० आवृत्तीत हा पल्ला गाठला. चालू संगणक न पुसता नव्या पिढीत न्यायचा, तर पॅकेजेस विशिष्ट क्रमानेच बसवणे भाग होते. क्रम चुकला तर ज्या शेलमध्ये आज्ञा टंकायची तोच बंद पडण्याची भीती होती. डेबियनच्या स्वयंसेवकांनी हा क्रम सांभाळणारी एक स्वतंत्र लिपी त्या वेळी वापरात आणली. डीपीकेजी नकार देऊ शकत होते, परंतु योग्य क्रम कोणता हे शोधून सुचवू शकत नव्हते.

आरपीएमच्या वापरकर्त्यांचीही स्थिती वेगळी नव्हती. एक पॅकेज बसवायला जावे, तर ते दोन मागे. ती दोन शोधून आणावीत, तर त्यांतील एक आणखी चार मागे. या अवस्थेला इंग्रजीत नरकाची उपमा मिळाली आणि ती रूढ झाली. अशा वेळी '--नोडेप्स' हा पर्याय मोहक वाटतो. प्रस्तुत लेखकालाही तो मोह आवरला नव्हता. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात इतिहास विभागात काम करीत असताना संगणक कक्षाची अतिरिक्त जबाबदारी आली होती. आंतरजालाची जोडणी नाममात्र होती. मराठी टंकनासाठी लागणारे एक आरपीएम पॅकेज कोणीतरी पेन-ड्राइव्हवर आणून दिले. ते बसेना. '--नोडेप्स' जोडताच विनातक्रार बसले, हॅशची रांग पूर्ण झाली आणि आज्ञावली मात्र उघडेना. इतकेच असते तर बिघडले नसते. पुढे जोडणी सुधारल्यावर यम या साधनाने त्या संगणकांना हात लावला, की दफ्तरात आधीपासूनच दोष असल्याचा इशारा दर वेळी येऊ लागला. दोष लेखकाने घातलेला होता. त्याची नोंद कक्षाच्या वहीत नव्हती, पण आरपीएमच्या दफ्तरात होती. लेखकानंतर ते काम पाहणाऱ्या सहकाऱ्याला तो इशारा कशाचा, हे कळण्यास मार्ग नव्हता. सक्ती करणारा निघून जातो आणि तिचे परिणाम भोगणारा दुसराच कोणी असतो, ही गोष्ट त्या निमित्ताने ध्यानात आली. या निबंधाचे बीज तेथे आहे.

या पेचावरचा उपाय म्हणजे साखळी स्वतः शोधून भांडारातून सर्व पॅकेजेस आणणारे वरच्या थरातील साधन. डेबियनमध्ये तो मान ॲप्टकडे जातो. ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा या कंपनीने तेच ॲप्ट आरपीएमवर चालेल असे रूपांतरित केले. शत्रुपक्षाचे शस्त्र आपल्या मुठीत बसवण्याचाच हा प्रकार होता. आरपीएमच्या घराण्यात पुढे स्थिरावले ते यम. यलो डॉग लिनक्स या वितरणाच्या अद्ययावतीकरण साधनापासून ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातील सेठ विडाल व मायकेल स्टेनर यांनी ते घडवले. आपल्या विभागाचे संगणक सांभाळता सांभाळता विद्यापीठातील कर्मचाऱ्यांनी जगभर वापरले जाणारे साधन निर्माण करावे, ही गोष्ट महाविद्यालयीन वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. विडाल यांचे २०१३ मध्ये अपघाती निधन झाले. यमची जागा घेणारे डीएनएफ २०१५ मध्ये फेडोरा २२ या आवृत्तीपासून मुख्य साधन बनले.

दोन घराण्यांच्या या समांतर वाटचालीत शब्दांचा एक घोळ निर्माण झाला आणि तो अद्याप शिक्षकांना छळतो. ॲप्टमध्ये 'अपडेट' म्हणजे भांडारातील याद्या ताज्या करणे. त्याने एकही पॅकेज बदलत नाही. बदलण्यासाठी 'अपग्रेड' म्हणावे लागते. यममध्ये मात्र 'अपडेट' म्हटले की पॅकेजेसच बदलू लागतात. एकाच शब्दाचे दोन मुलखांत दोन अर्थ.

ॲप्ट आणि 'होय' म्हणण्याची रीत :

ॲप्टचा जन्म १९९७ मध्ये डेबियनच्या तत्कालीन आवृत्ती-व्यवस्थापकांनी हाती घेतलेल्या एका प्रकल्पातून झाला. जुन्या, अत्यंत किचकट अशा डीसिलेक्ट या साधनाला चांगला पर्याय देणे हा हेतू होता. प्रकल्पाचे सांकेतिक नाव 'डीइटी', म्हणजे देवता, असे होते. त्याच्या धार्मिक अर्थच्छटेमुळे ते पुढे टाकून देण्यात आले. ॲप्ट-गेट ही आज्ञा मुळात अंतर्गत ग्रंथालयाची चाचणी घेण्यापुरती लिहिलेली होती आणि तिचे पहिले नाव डीपीकेजी-गेट असे होते. चाचणीपुरते उभारलेले हे साधन ९ मार्च १९९९ च्या डेबियन २.१ सोबत लोकांच्या हाती गेले आणि तेथेच रुजले. तात्पुरती म्हणून बांधलेली इमारत पुढे पंचवीस वर्षे कचेरी म्हणून वापरली जावी, तसेच हे घडले.

ॲप्ट-गेट काम सुरू करण्यापूर्वी काय बसेल व काय निघेल याची यादी दाखवून संमती मागते. '-वाय' हा पर्याय ही संमती आधीच देतो. परंतु या आगाऊ संमतीला मर्यादा आहेत. रोखून ठेवलेले पॅकेज बदलावे लागत असेल, पॅकेजची सत्यता सिद्ध होत नसेल किंवा अत्यावश्यक पॅकेज निघणार असेल, तर '-वाय' असूनही काम थांबते. डेबियनमध्ये काही पॅकेजेसवर 'अत्यावश्यक' असा शिक्का असतो. त्यांच्यावाचून प्रणाली चालूच शकत नाही. असे पॅकेज निघणार असल्यास ॲप्ट-गेट साध्या 'वाय' अक्षरावर समाधान मानीत नसे. 'होय, मी सांगतो तसेच कर' अशा अर्थाचे एक पूर्ण इंग्रजी वाक्य, स्वल्पविराम व उद्गारचिन्हासह, जसेच्या तसे टंकावे लागे. संमती आणि शपथ यांतील फरक या रचनाकारांना उमगला होता, असेच म्हणावे लागेल. बोट चुकून एका कळीवर पडू शकते. सबंध वाक्य चुकून टंकले जात नाही.

मग या सर्व पहाऱ्यांना एकाच वेळी बगल देणारा पर्यायही त्याच साधनात का असावा? '--फोर्स-यस' हा तो पर्याय. त्याच्या माहितीपृष्ठातच तो धोकादायक असल्याचे व प्रणाली नष्ट करू शकत असल्याचे बजावलेले होते. तरीही तो वापरला जात असे, आणि वापरणारे बहुधा अडाणी नव्हते. माणसाच्या अनुपस्थितीत रात्रीतून अनेक संगणक अद्ययावत करणाऱ्या लिपी ज्यांना लिहाव्या लागत, त्यांना काम मध्येच थांबणे परवडत नसे. एखाद्या लिपीत एका निर्दोष कारणासाठी, उदाहरणार्थ जुनी आवृत्ती परत आणण्यासाठी, तो लिहिला जाई. पण त्याच शब्दाने स्वाक्षरी नसलेले पॅकेज स्वीकारण्याची आणि अत्यावश्यक पॅकेज काढण्याचीही परवानगी दिली जाई. कारण एक आणि मुभा चार.

स्वाक्षरीचा मुद्दा या काळात विशेष नाजूक बनला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये डेबियनच्या काही सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले. पॅकेजांचे भांडार सुरक्षित राहिले होते. भांडाराच्या याद्यांवरील स्वाक्षरी ॲप्टने स्वतः तपासावी ही व्यवस्था डेबियनच्या स्थिर आवृत्तीत एप्रिल २००७ च्या ४.० पासून आली. म्हणजे त्यानंतर '--फोर्स-यस' लिहिणारा मनुष्य पूर्वीपेक्षा अधिक काही सोडून देत होता, जरी त्याने टंकलेला शब्द तोच असला तरी. जुन्या लिपी तशाच चालत राहिल्या आणि त्यांतील मुभेचा अर्थ मात्र वाढत गेला.

२०१५ मधील ॲप्टच्या १.१ आवृत्तीने '--फोर्स-यस' कालबाह्य ठरवला. त्याच्या जागी 'अलाउ', म्हणजे 'मुभा दे', या शब्दाने सुरू होणारे पर्याय आले. जुन्या आवृत्तीकडे जाण्याची मुभा, रोखलेले पॅकेज बदलण्याची मुभा, अत्यावश्यक पॅकेज काढण्याची मुभा. सत्यता न पटलेले पॅकेज घेण्याची मुभा देणारा पर्याय आधीपासूनच होता. पॅकमन या आर्च लिनक्सच्या साधनातही जवळपास याच सुमारास असाच बदल घडला. जड व्हिनेट यांनी २००२ मध्ये निर्माण केलेल्या या साधनात '--फोर्स' होता. २०१८ च्या ५.१ आवृत्तीच्या वेळी त्याऐवजी '--ओव्हरराइट' पुढे आला. त्यात कोणत्या फायलींवर लिहायचे, ते नमुना देऊन सांगावे लागते.

या घटनाक्रमाकडे साधी प्रगती म्हणून पाहण्याचा मोह होतो. सुरुवातीला आंधळी सक्ती, नंतर डोळस मुभा. हे चित्र खरे नाही. वर दाखवल्याप्रमाणे डीपीकेजीने ॲप्टच्या जन्मापूर्वीच सक्तीला नावे दिली होती. ज्या डीपीकेजीच्या खांद्यावर ॲप्ट उभे राहिले, त्याचाच संकेत ॲप्टने मोडला आणि सुमारे पंधरा वर्षांनी तो पुन्हा स्वीकारला. यामागील कारण प्रस्तुत लेखकाच्या मते वापरणारा बदलणे हे आहे. डीपीकेजीचे पर्याय एका संगणकापुढे बसलेल्या जाणकारासाठी होते. ॲप्ट-गेट अशा वेळी फोफावले, जेव्हा आज्ञा देणारा मनुष्य संगणकापुढे असेलच असे नव्हते. '--फोर्स-यस' ही अनुपस्थितांची सोय होती. मेघ-संगणनाच्या काळात अनुपस्थिती हाच नियम झाला, तेव्हा ती सोय परवडेनाशी झाली. डीपीकेजीचा जुना आश्वासक प्रश्नही याच काळात अडचणीचा ठरला. त्याला आगाऊ उत्तर देण्यासाठी '--फोर्स-कॉन्फओल्ड' असा पर्याय ॲप्टमार्फत खाली पोचवण्याची रीत पडली. जुनी फाईलच ठेव, असे येथे सक्तीने सांगितले जाते. मूळ उत्तरही तेच होते. फक्त ते देणारा मनुष्य जागेवर नाही.

आरपीएमच्या घराण्याने आणखी एक वाट चोखाळली, तिचा उल्लेख येथे थोडक्यात करणे उचित होईल. यममध्ये प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देऊन त्याचा इतिहास राखण्याची सोय आली. २०१० च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ६ मध्ये ती उपलब्ध होती. क्रमांक सांगून तो व्यवहार उलटवताही येतो. सक्ती रोखता येत नसेल, तर निदान तिची तारीख आणि कर्ता नोंदवून ठेवावा, हा दफ्तरदाराचा विचार झाला. इतिहासाच्या शिक्षकाला तो भावल्यास नवल नाही.

नोव्हेंबर २०२१ :

पूर्ण वाक्य चुकून टंकले जात नाही, असे वर म्हटले. पण ते न वाचता टंकले जाऊ शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध तंत्रविषयक निवेदकाने पॉप ओएस या वितरणावर स्टीम हे खेळांचे साधन बसवण्याच्या आपल्या प्रयत्नाची चित्रफीत प्रसिद्ध केली. वितरणाच्या भांडारात त्या वेळी एक चूक होती. चित्रमय साधनाने स्टीम बसवण्यास नकार दिला. तेव्हा त्यांनी ॲप्टची आज्ञा टंकली. ॲप्टने निघणाऱ्या पॅकेजांची यादी दाखवली. त्यात संपूर्ण चित्रमय पडदाच होता. मग इशारा दिला आणि ते सुप्रसिद्ध वाक्य टंकण्यास सांगितले. त्यांनी ते टंकले. पडदा गेला, काळी पाटी उरली. जगभर लाखो लोकांनी हे पाहिले.

यावर दोन तट पडले. वाचता येत असूनही वाचले नाही, मग दोष कोणाचा, असे एका बाजूचे म्हणणे. खेळ बसवू पाहणाऱ्या माणसाला साधनाने पडदा उतरवण्याचा प्रस्तावच का द्यावा, हे दुसऱ्या बाजूचे. प्रस्तुत लेखकाला दुसरी बाजू अधिक रास्त वाटते. ते वाक्य मुळात लिहिताना वाचक म्हणून ज्याची कल्पना केली होती, तो मनुष्य इशारा वाचणारा होता, कारण इशारे विरळ होते. आजचा वापरकर्ता दिवसातून अनेक वेळा अटी न वाचता मान्य करतो. परीक्षेचा अर्ज भरताना आपले विद्यार्थी हेच करतात आणि शासकीय संकेतस्थळांवर माहिती भरताना आपणही. शपथेचे मोल ती क्वचित घेण्यात असते.

ॲप्टच्या विकसकांनी त्याच महिन्यात २.३.१२ आवृत्तीत हा मार्ग बंद केला. तेव्हापासून अवलंबित्वाची उकल करताना साधन अत्यावश्यक पॅकेजांचा बळी देण्याचा तोडगा स्वतःहून पुढे करीत नाही. कोणाला तो खरोखर हवा असेल, तर त्याला '--अलाउ-रिमूव्ह-इसेन्शियल' हा पर्याय आज्ञेतच लिहावा लागतो. फरक सूक्ष्म आहे. पूर्वी यंत्र विचारीत असे आणि माणूस होकार देत असे. आता माणसाने प्रथम मागावे लागते.

मराठी संदेशांविषयी एक नोंद :

डीपीकेजी व ॲप्ट या दोन्ही साधनांच्या मूळ संहितेत संदेशांचे मराठी भाषांतर समाविष्ट आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. सी-डॅकने २००७ पासून उपलब्ध केलेली भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, अर्थात बॉस, ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने हीच साधने तिच्याही मुळाशी आहेत. भाषांतर होते ते संदेशांचे. पर्यायांचे होत नाही. '--पर्ज' किंवा '-वाय' मराठी प्रणालीतही रोमन लिपीतच टंकावे लागतात, आणि ते योग्यही आहे, कारण लिपी व शिकवणीची पुस्तके सर्वत्र चालली पाहिजेत.

संमतीचे तसे नाही. होय की नाही या प्रश्नाचे उत्तर ॲप्ट निवडलेल्या भाषेच्या संकेतानुसार तपासते. अत्यावश्यक पॅकेजाविषयीचे ते पूर्ण वाक्यही भाषांतरासाठी खुले ठेवलेले होते आणि ज्या भाषेत त्याचे भाषांतर झाले असेल, त्या भाषेच्या वापरकर्त्याने ते त्याच भाषेत टंकणे अपेक्षित होते. मराठीत काम करणाऱ्याला म्हणजे शपथ मराठीत घ्यावी लागणार. तत्त्वतः हे उचितच. पण चित्रमय पडदा नसताना लिनक्सच्या गाभ्याचा जो साधा मजकुरी पडदा समोर येतो, त्याला देवनागरीची जोडाक्षरे व मात्रा नीट मांडता येत नाहीत आणि तेथे देवनागरी टंकण्याची सोयही सहज मिळत नाही. प्रणाली मोडकळीस आली असता नेमका तोच पडदा समोर असतो. प्रस्तुत लेखकाने संगणक कक्षातील यंत्रांवर मराठी संदेश ठेवले होते, ते या कारणास्तव मूळ वापरकर्त्याच्या, म्हणजे 'रूट'च्या, खात्यापुरते पुन्हा इंग्रजीत नेले. विद्यार्थ्यांच्या खात्यांत ते मराठीतच राहिले.